वीतभर झिजलेली काठी

सुखदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रात्यक्षिक परीक्षा घेत होते. समोर बारा विद्यार्थी, प्रत्येकाच्या पुढ्यात सूक्ष्मदर्शक, आणि अर्ध्या तासात पेपर गोळा करायचे होते. फोन त्यांच्या जावयाचा होता. "बाबा सकाळीच गेले, मॅडम. अंगणात बसले होते, तसेच..." मी दुपारी येते म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि उरलेल्या चार मुलांची तोंडी परीक्षा घेतली. सहकारी म्हणाले, तुम्ही गेलात तरी चाललं असतं. चाललं नसतं. हातातलं मोजमाप अर्धवट टाकून उठलेलं सुखदेवभाऊंना कधी आवडलं नाही, आणि त्या दिवशी मी उठले असते तर सगळ्यात आधी तेच बोलले असते.

सुखदेवभाऊ वनखात्यात वनमजूर होते. त्यांचं घर आसेगावात, आणि तिथून तासाभराच्या चालीवर सागाचं नि ऐनाचं उतारावरचं जंगल. मी वाशिमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. वीसेक वर्षांपूर्वी मला त्या जंगलातली दोनशे झाडं दरवर्षी मोजायची परवानगी मिळाली. हवेत कार्बन वायू वाढतो आहे, ऊन वाढतं आहे, या दोन्हींचं आपल्याकडच्या कोरड्या पानगळी जंगलात नेमकं काय होतं, हे मला पाहायचं होतं. परदेशी पुस्तकांत परदेशी जंगलं होती. आमच्या जिल्ह्याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. खात्याने सोबत एक माणूस दिला, तो सुखदेवभाऊ. पहिल्याच दिवशी मी जाड टाचांचे बूट घालून गेले होते. त्यांनी बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, लग्नाले आल्या का जंगलात?" पुढच्या वेळी मी साधे बूट घालून गेले. आमची ओळख इतकीच झाली आणि पुरेशी झाली.

झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्यायचा असतो, ही जगभरची रीत. खाली-वर घेतला तर माप बदलतं, कारण खोड बुंध्याशी जाड असतं आणि वर निमुळतं होत जातं. प्रत्येक झाडाशी टेप ताणून उंची काढत बसलं तर दिवस पुरत नाही. म्हणून मी सुखदेवभाऊंना धावड्याची एक सरळ काठी बरोबर साडेचार फुटांवर तोडायला लावली. काठी झाडाला टेकवायची, तिचं वरचं टोक जिथे येईल तिथे टेप गुंडाळायची, आकडा सांगायचा, मी लिहायचा. मोजून झालेलं झाड पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून त्या जागी बोटभर रुंदीचा रंगाचा पट्टा मारायचा. रंग ते आसेगावच्या पेंटरकडून आणत, कुठल्यातरी कामातला उरलेला. पहिल्या वर्षी विहाराचा निळा, दुसऱ्या वर्षी शाळेचा गुलाबी, मग दवाखान्याचा हिरवा, एकदा कुणाच्या लग्नघराचा भडक पोपटी. "सुखदेवभाऊ, जंगल आहे का धुळवड?" असं मी एकदा वैतागून म्हणाले. ते पट्टा मारता मारता म्हणाले, "एकाच रंगानं मारलं त कोन्त्या सालचा पट्टा हे कसं कयंल? तुमची वही हरवली त?" माझी वही हरवणार नव्हती, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. उलट त्यांना बजावून सांगितलं, जुन्या पट्ट्यावर जाऊ नका, साल निघते, पट्टे वाकडेतिकडे असतात. दरवर्षी काठी लावायची आणि काठी सांगेल तिथेच मापायचं. ते "हाव" म्हणाले. सतरा हिवाळे त्यांनी माझं हे वाक्य शब्दशः पाळलं.

मधल्या काळात ते निवृत्त झाले, पण जानेवारी आला की काठी घेऊन जंगलाच्या तोंडाशी उभे असत. मापाव्यतिरिक्त त्यांना जे दिसे ते मी वेगळ्या पानावर लिहून घेत असे, आणि आज ती पानं मला आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटतात. साग पूर्वी माघात उघडा व्हायचा, "आता पुसातच नागवा होऊन राह्यला". मोहाचा सडा एका दमात पडायचा, तो आता रखडत पडतो. खालचा पालापाचोळा पूर्वी पावसाळ्यात कुजून माती व्हायचा, तो आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुरकुरीत राहतो आणि आगीला निमित्त होतो. गवताच्या जागा घाणेरीने घेतल्या. आणि ज्याची त्यांना खरी काळजी होती ते म्हणजे रोपं. "मोठे झाडं उभे हायेत म्हनून जंगल हाय असं वाटते. खाली पाहा. तीन साल झाले, या उतारावर ऐनाचं एक पोट्टं जगलं नाई." एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं ते सिद्ध करायला मला पुढे कितीतरी हिवाळे लागले.

माझे आकडे मात्र वेगळंच सांगत होते, आणि मी खूश होते. झाडं माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच जास्त जाड होत होती. याला शास्त्रात कारणही तयार होतं. हवेत कार्बन वायू जास्त असला की पानाला अन्न करणं सोपं जातं. पान आपली छिद्रं थोडी मिटून घेतं तरी त्याचं भागतं, त्यामुळे पाणीही वाचतं. म्हणजे आमचं कोरडं जंगल वाढत्या कार्बनवर पोसलं जात होतं. सोळा वर्षांच्या आकड्यांवर मी शोधनिबंध लिहिला, तो स्वीकारला गेला, छापायला निघाला. सुखदेवभाऊंना मी आलेख दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

"हे झाडं तुमच्या कागदावर लय जाड होऊन राह्यले, मॅडम. जंगलात तेवढे नाई होऊन राह्यले."

"काहून?" मीही त्यांच्याच भाषेत विचारलं.

"नाल्याकाठच्या ऐनाले मी दरसाल कव मारतो. पयले बोटं एकमेकांत गुतत, आता टोकाले टोक लागते. तुमच्या हिशोबानं त मधात वीतभर जागा उरली पायजे."

मी हसले. कवेत घेणं म्हणजे काही माप नाही, काठीने घेतलं ते माप, असं त्यांना समजावलं. ते म्हणाले, "हाव, ते बी खरंच हाय." आणि विषय संपला... माझ्यापुरता. त्यांच्या डोक्यातून तो गेला नव्हता.

त्यानंतरच्या वर्षी, मोजणी संपवून पंधरा दिवस झाले असतील, ते सकाळच्या एसटीने वाशिमला आले आणि काठी घेऊन थेट आमच्या विभागात शिरले. मी तासाला निघाले होते. "मॅडम, थांबा. जरा टेप द्या." त्यांनी काठी फरशीवर उभी केली आणि मलाच टेप लावायला सांगितलं. साडेचार फुटांची काठी वीतभर कमी भरली. मी पुन्हा मोजली. तेवढीच. मग त्यांनी सांगितलं ते असं. नाल्याकाठच्या ऐनावर नवा पट्टा मारताना त्यांच्या लक्षात आलं, की दरसालचा पट्टा आदल्या सालच्या पट्ट्याच्या किंचित खाली आहे. पहिल्यांदा त्यांना वाटलं, झाड वर चढतं आहे आणि जुने पट्टे सोबत घेऊन जातं आहे. पण त्यांच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाला त्यांच्या वडिलांनी कंदिलासाठी ठोकलेला खिळा होता, आणि तो लहानपणी जिथे होता तिथेच आजही होता. "मंग झाड त वर जात नाई. मंग काठीच खाली येऊन राह्यली." ती काठी ते वर्षभर चालायला वापरत. दगडाधोंड्यात टोक फाटलं की कोयत्याने छाटून टाकत. दरवर्षी बोटभर, कधी त्याहून कमी. काठी खाली आली म्हणजे माप खोडाच्या खालच्या, जाड भागावर गेलं. झाडं जेवढी वाढली होती त्याहून जास्त वाढलेली दिसली ती त्यामुळे. माझा आलेख अर्धाअधिक कार्बन वायूचा नव्हताच, तो सुखदेवभाऊंच्या कोयत्याचा होता.

मी त्या दिवशी वाईट वागले. "सतरा वर्षं तुम्ही काठी छाटत होतात आणि मला सांगितलं नाही?" असं विद्यार्थ्यांसमोर ओरडले. ते एवढंच म्हणाले, "तुमी कधी इचारलं नाई, मॅडम. काठी हाय, फाटली का छाटाव लागते." मी तासाला निघून गेले. परत आले तेव्हा ते गेले होते. काठीही घेऊन गेले होते.

माझं बालपण शिरपूरच्या कापडाच्या दुकानात गेलं. माझ्या वडिलांच्या, बापूंच्या गल्ल्याशेजारी लोखंडी मीटरपट्टी असे. वजनमापवाल्याचा शिक्का त्या पट्टीवर ठराविक मुदतीने मारून आणावा लागे, आणि शिक्क्याची मुदत टळलेली असेल तर बापू त्या पट्टीने रुमालसुद्धा फाडत नसत. "कापड खोटं निघालं त बदलून देता येते, पट्टी खोटी निघाली त माणूस खोटा होते," असं ते म्हणत. त्या घरातली मी मुलगी. सतरा वर्षांत एकदाही मी माझी पट्टी तपासली नव्हती. जुन्या पट्ट्यावर जाऊ नका, काठीवरच जा, हे मीच बजावलं होतं. चूक त्यांची म्हणणं मला फार वेळ जमलं नाही.

एक सहकारी म्हणाले, छापायला गेलंय ते जाऊ द्या, वीतभर काठीकडे कोण बघतंय! त्यांचा हेतू चांगला होता. पण मग त्या जंगलाबद्दल कुणीही पुढे काही लिहिलं तर माझ्या खोट्या आकड्यांवरून लिहिलं असतं, आणि कार्बन वाढतोय तर जंगल वाढतंय, मग एवढी काळजी कशाला, असं म्हणायला लोकांना एक पुरावा मिळाला असता. मी त्याच संध्याकाळी पत्र लिहून निबंध मागे घेतला. त्याचं फारसं दुःख झालं नाही. दुःख होतं ते सतरा हिवाळ्यांचं. ते आकडे फेकून द्यायचे असतील तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला माझी नोकरी पुरणार नव्हती, आणि सुखदेवभाऊंचं आयुष्य तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी आसेगावला गेले. दारात त्यांच्या पत्नी, कमलाबाई, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "या. मानसाले चा न पाजता हाकलून देल्लं म्हने, वाशिमच्या मोठ्या कालेजातून." मी म्हटलं, "हो, चुकलं माझं." "मंग बसा. आमी पाजतो." चहा झाला. तोवर सुखदेवभाऊ आतून आले, आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "चाला, दाखवतो तुमाले. काही गेलं नाई आपलं."

नाल्याकाठच्या ऐनापाशी त्यांनी मला उभं केलं. ऐनाची साल जाड, भेगाळलेली, आणि रंग धरून ठेवणारी. तिथे निळ्याखाली गुलाबी, गुलाबीखाली हिरवा, हिरव्याखाली पोपटी, असे सतरा पट्टे एकाखाली एक कौलांसारखे बसले होते. प्रत्येकाची वरची कड उघडी होती. "हा विहार रंगवला त्या सालचा. हा शाळेचा. हा पाटलाच्या पोरीच्या लग्नाचा... आता मोजा, कोन्त्या साली काठी केवढी होती ते." मी एकेका कडेला टेप लावून पाहिली. काठी त्या त्या वर्षी सगळ्या झाडांना तेवढीच होती. म्हणजे ऐनावर ज्या वर्षाची उंची वाचता येत होती, ती ज्या सागांची साल निघून पट्टे गेले होते त्यांनाही लागू होती. आता फक्त दोनशे झाडांवर त्या सतराही उंचींवर घेर मोजायचा, खोड कुठे किती जाड आहे ते काढायचं, आणि मागचा प्रत्येक आकडा साडेचार फुटांवर आणून ठेवायचा. "फक्त" हा शब्द मी मोठ्याने उच्चारला तेव्हा ते म्हणाले, "एका झाडाले सतरा डाव टेप लावाची. हातच दुखतीन, अजून काय?"

उरलेला हिवाळा आणि पुढचा अर्धा उन्हाळा त्यात गेला. काठीच्या जागी मी बापूंच्या दुकानातल्या पट्टीच्या मापाने वाशिमच्या लोहाराकडून लोखंडी गज करून घेतला, बरोबर साडेचार फुटांचा, आणि दरवर्षी मोजणीआधी तो तपासायचा नियम केला. हे काम करताना सुखदेवभाऊ सत्तरीला टेकले होते, पण दुपारी सावलीत टेकायचं नाव नव्हतं. कधी मीच कंटाळून म्हणायचे, आता उद्या. "उद्या कायले? उद्या हे झाड अजून जाड होईन," असं म्हणून ते पुढच्या खोडाकडे चालू लागत.

दुरुस्त केलेल्या आकड्यांनी जे सांगितलं ते पहिल्या निबंधापेक्षा कमी चमकदार आणि जास्त खरं होतं. झाडं वाढली होती, हे खरंच. चांगल्या पावसाच्या वर्षी त्यांची वाढ मी सुरुवातीला धरली होती त्याहून थोडी अधिक होती, आणि वाढलेल्या कार्बनचा त्यात हात असावा असं मला आजही वाटतं. पण ज्या वर्षी ऊन लवकर तापलं, त्या वर्षी घेर जागचा हलला नव्हता. तापलेली हवा पानातून पाणी खेचते. झाड पाणी वाचवायला छिद्रं मिटतं. आणि छिद्रं मिटली की हवेतला कार्बन कितीही असो, तो आत जाण्याचं दारच बंद होतं. थोरल्या झाडांची मुळं खोल, ती असं वर्ष काढतात. वीतभर रोपाला ते जमत नाही. त्यामुळे वर सावली दाट आणि खाली वारस नाही, अशी आमच्या उताराची स्थिती आहे. म्हणून सगळं संपलं असं मी म्हणत नाही. नाल्याच्या काठाने ओल टिकते तिथे रोपं जगतात. जिथे आग लागू दिली नाही आणि घाणेरी उपटली, तिथे गेल्या दोन पावसाळ्यांत चारोळी आणि तेंदू पुन्हा वर आले आहेत. जंगल राहील. कुठल्या झाडांचं राहील, हे आपण खाली काय करतो त्यावरही ठरेल.

नवा निबंध छापून आला. त्यावर दोन नावं होती. मी तो घेऊन गेले तेव्हा सुखदेवभाऊंनी आपल्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि विचारलं, "चूक लिवली न यात?"

"लिहिली."

"कोनाची लिवली?"

"दोघांची."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला.

या जानेवारीत मी मोजणीला एकटी गेले. एकटी म्हणजे विद्यार्थी होते, पण सुखदेवभाऊ नव्हते. आधी आसेगावला कमलाबाईंकडे थांबले. मनात होतं की ती काठी मागून घ्यावी आणि विभागात गजाशेजारी ठेवावी, मुलांना दाखवायला बरी. कमलाबाईंनी ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हटलं. "माह्या गुडघ्याचं काय? ते भिताडाले टांगाले पायजे, का मले चालाले?" त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी आतून रंगाचा डबा आणून दिला. सुखदेवभाऊंनी दिवाळीलाच पेंटरकडून आणून ठेवला होता, या वर्षासाठी. झाकण उघडलं तर आत चॉकलेटी रंग. ऐनाच्या सालीवर चॉकलेटी! ते समोर असते तर माझ्याकडून चांगलं ऐकून घेतलं असतं त्यांनी.

"मी बी येतो," कमलाबाई म्हणाल्या. "पाहू तरी द्या, उभा जलम तिथं काय करत होता हा मानूस." जीपने जाता येतं तिथवर जीपने, मग पुढे काठी टेकत, हळूहळू. नाल्याकाठच्या ऐनापाशी आलो. सतरा पट्ट्यांची उतरती रांग, आणि सगळ्यात वर, पहिल्या निळ्या पट्ट्याच्या जागी, दुरुस्तीनंतरच्या वर्षांचे रंग एकावर एक. तिथून मग कुणी खाली उतरलेलं नाही. मी गज लावला, विद्यार्थिनीने टेप गुंडाळली, मी आकडा लिहिला. गेल्या वर्षीपेक्षा अर्धं बोट जास्त. पाऊस चांगला होता.

कमलाबाईंनी हातातली काठी गजाशेजारी खोडाला टेकवून उभी केली. ती आता वीतभराहून बरीच खाली आली होती. मधल्या वर्षांत आणखी दोनदा-तीनदा छाटली गेली असणार.

"लयच झिजली," त्या म्हणाल्या.

"हो."

"छाटाव लागते अजून. टोक फाटलं."

मी चॉकलेटी रंगाचा पट्टा मारला, बरोबर साडेचार फुटांवर. दहा पावलांवरून तो दिसत नाही. त्याच्यासाठी झाडाजवळ जावं लागतं.